बडीशेपेचा विडा

"हात वर करा म्हटलं की करायचे, एवढंच काम आहे. लगेच मोकळे व्हाल," साहेब म्हणाले आणि हातातली कपबशी त्यांनी माझ्या परातीच्या काठावर टेकवली.

मी ती उचलून खाली ठेवली. परातीत विड्यांशिवाय काही ठेवत नाहीत, हे आमच्या बोरखडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण साहेब पडले तालुक्याचे, त्यांना कोण सांगणार?

"बाई, एवढी पानं कशाला? कुणाची सुपारी फुटतेय का?" साहेबांनी विचारलं.

चावडीत हशा पिकला. मीही हसले. ते हसणं आठवलं की इतक्या वर्षांनीही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी भैरोबाची गुरवीण. यजमान गेल्यावर देवाची झाडलोट, दिवाबत्ती आणि ही पितळी परात माझ्याकडं आली. गावात काहीही ठरवायचं, मग ती यात्रेची तारीख असो नाहीतर पाण्याच्या टाकीची जागा, की चावडीत परात मांडायची. परातीत घराण्यागणिक एक विडा. पाटलांच्या भल्यामोठ्या भावकीचा एकच आणि कुणाच्या एकट्या घराचाही एकच. मग बोलायचं, भांडायचं, एकमेकांचे वाडवडील काढायचे. ज्याला पटलं त्यानं आपला विडा उचलून तोंडात टाकायचा. परात रिकामी झाली की काम ठरलं. एक जरी विडा उरला तरी गुमान उठायचं, घरी जायचं आणि पुन्हा कधीतरी बसायचं. शहाणे लोक या चालीला हसत. बोरखडीत एक संडास बांधायला दोन पिढ्या लागतात म्हणत. लागत असतील. पण बांधलेलं पाडायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

विड्यांची जागाही ठरलेली. पहिला तात्याबा पाटलांचा आणि परातीच्या दुसऱ्या टोकाला, शेवटचा, दस्तगीर मुजावरांचा. मुजावरांचं गावातलं एकुलतं एक मुसलमान घर. वेशीबाहेर लिंबाखाली चांदपीराची घुमटी, तिला लागूनच त्यांच्या दोन खोल्या. मोहरमात तिथं पंजा बसे, त्याला पहिला हार पाटलांचा. गावभरच्या बायका गुळाचे गोड चोंगे करून नेत. आणि यात्रेत भैरोबाची पालखी शीव ओलांडण्याआधी घुमटीपुढं थांबे. मुजावरांनी ऊद दाखवला, मोरपिसांचं मोरचेल फिरवलं, की मगच भोई पाऊल उचलत. भैरोबा आणि चांदपीर जिवाभावाचे मैतर, एकानं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय कुठं जायचं नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो.

दस्तगीरभावजींचे दात गेल्यापासून मी त्यांच्या विड्यात सुपारीऐवजी बडीशेप घालत असे. चेष्टेचा माणूस. म्हणायचे, "वैनी, बडीशेप इसरलात त्या दिवशी गावाचं काम अडलंच म्हून समजा."

अडवलं होतं त्यांनी एकदा, पण ते स्वतःसाठी नव्हे. शाळेच्या मैदानासाठी गायरानातलं नाईकांचं खोपट हलवायचं ठरत होतं. रामोशाचं एकच घर, बोलणार कोण? सगळ्यांनी विडे उचलले. नाईकानंही मान खाली घालून आपला उचलला. दस्तगीरभावजींनी मात्र परातीकडं हातच नेला नाही.

तात्याबा चिडले. "आरं, ज्येचं घर त्येनं उचलला. तुजं काय दुखतंय?"

"त्येचा हात बघा की, कापतूय. कापत्या हातानं उचललेला इडा धरायचा न्हाई, तात्याबा. माज्या आज्याच्या टायमापास्नं न्हाई."

मैदान दुसरीकडं झालं. नाईकांचं खोपट अजून तिथंच आहे. अशी ती परात होती.

तर साहेबांचं सांगून होत होतं. शेजारी सरपंच धैर्यशील कडक इस्त्रीत बसलेला. तात्याबांच्याच भावकीतला पोरगा, डोक्यात मोठ्या देवळाचं नि त्याहून मोठ्या कमानीचं खूळ. साहेब म्हणाले, "अधिवेशनात नवा कायदा झालाय. गावातलं प्रत्येक सार्वजनिक पूजास्थळ कुठल्यातरी एकाच धर्माच्या नावानं नोंदवायचं. मिश्र चालणार नाही. कोणत्या धर्माचं ते ग्रामसभेनं बहुमतानं ठरवायचं. मग व्यवस्था त्याच लोकांकडं."

"म्हंजे चांदपीर कुनाचा, ह्ये इचारताय व्हय?" तात्याबा म्हणाले. "चांदपीर गावाचा. ल्ह्या तसं."

"गाव असा रकाना नाही."

दस्तगीरभावजी कोपऱ्यात बशीत चहा ओतत होते. तिथूनच म्हणाले, "सायेब, येक इचारू? ह्यो कायदा करताना तितं परात मांडली व्हती का वो?"

पुन्हा हशा. साहेबही मजेत होते. "परात नाही, पण सभा होती की. शेवटच्या दिवशी आलं, विरोधकांनी गोंधळ घातला, बाहेर निघून गेले. आवाजी मतदानानं मंजूर."

"म्हंजे त्येंचे इडे परातीतच ऱ्हायले."

"तिथं उरलेले मोजत नाहीत, काका. ज्यांचे जास्त, त्यांचा कायदा."

"आसं व्हय," भावजी म्हणाले. "मोट्या लोकांचं बरं आसतं. आमच्यासारक्या बारक्या गावाला आसलं परवडायचं न्हाई. हितं सकाळी उठून त्याच मानसाचं तोंड बघायचं आसतं."

मग साहेबांनी ठराव वाचला. 'सदर', 'उपरोक्त' आणि 'यथोचित' यांची नुसती खिचडी. कुणी ऐकला असेल तर देव जाणे. शेवटी ते म्हणाले, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा," आणि सगळ्या चावडीचे हात वर गेले. तात्याबांचा गेला, नाईकाचा गेला. दस्तगीरभावजींच्या एका हातात बशी होती, म्हणून त्यांनी दुसरा वर केला.

तुम्हाला वाटेल, गाव वेडं की काय. वेडं नव्हतं. त्याला सवय लागली होती. आमच्याकडं म्हणच होती, हात सरकारला आणि विडा गावाला. ग्रामसेवक यायचा, कागद वाचायचा, हात वर करा म्हणायचा, आम्ही करायचो. न लावलेल्या झाडांना हात वर केले होते, न झालेल्या रस्त्याला केले होते. रस्ता झाला नाही आणि झाडं उगवली नाहीत, मग हाताची किंमत काय ती कळलीच होती. पाहुण्याचा मान राखायचा, त्याची नोकरी असते बिचाऱ्याची. खरं काय ते परातीत ठरायचं.

साहेबांनी मोबाइल काढून हातांचा फोटो घेतला आणि उठले.

"बसा की सायेब, इडे व्हायचेत आजून," तात्याबा म्हणाले.

"ते तुमचं चालू द्या," म्हणत साहेब गाडीत बसले.

आमचं चाललं. साहेब गेल्यावर बैठक चांगली रंगली. धैर्यशीलच्या नादी लागलेल्या काही घरांनी विडे उचलले. चांदपीर मुळात चांदनाथ, असं तो कुठून तरी वाचून आला होता. तात्याबांनी त्याला झाडला, "तुज्या बापाच्या नवसाला चांदपीर पावला, तवा न्हाई सुचलं नाथ!" दस्तगीरभावजी एवढंच म्हणाले, "घुमटी माजी एकट्याची म्हनू नगा. तुमची एकट्याची बी म्हनू नगा. म्या तरी कुटं म्हनतोय?" आणि त्यांनी विडा उचलला नाही. तात्याबांनी नाही, नाईकानंही नाही. परात निम्म्याहून अधिक भरलेली. काम झालं नाही, असं म्हणून तात्याबांनी गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली आणि गाव निश्चिंत मनानं जेवायला गेलं.

उरलेले विडे मी रिवाजाप्रमाणं ज्याच्या त्याच्या घरी पोचवले. भावजींना त्यांचा दिला तेव्हा ते दारातच होते. म्हणाले, "ठरलं न्हाई त्ये बरं झालं, वैनी. आता पुन्यांदा बसू तवा जरा चुना कमी."

पुन्हा बसायची वेळच आली नाही. महिनाभरात एका सकाळी भावजी ऊद घेऊन घुमटीवर गेले तर दाराला सरकारी कुलूप. वर नवी पाटी, 'श्री चांदनाथ देवस्थान'. पुढं दोन पोलीस खुर्च्या टाकून बसलेले. धैर्यशीलची पोरं गुलाल उडवत होती.

तात्याबा, भावजी आणि मी, तिघं एसटीनं तालुक्याला गेलो. साहेबांनी आम्हाला ओळखलं, चहासुद्धा सांगितला. मग मोबाइल पुढं धरला आणि बोटांनी फोटो मोठा करत विचारलं, "हा हात कुणाचा?"

"माजा," भावजी म्हणाले.

"कुणी जबरदस्ती केली?"

"न्हाई."

"मग? ठराव एकमतानं झालाय. खुद्द मुजावरांचा पाठिंबा. तुमच्या गावाचा तर वर दाखला देतात."

"सायेब, हात केला तवा म्या च्या पीत व्हतो."

"आन परातीत इडा उरला त्येचं काय?" मला राहवलं नाही. "माज्या हातानं म्या घरी पोचवला त्यो!"

"बाई, विड्याला कायद्यात कलम नाही."

तात्याबा टेबलावर वाकले. पाटीलकीचा आवाज अजून शाबूत होता. "त्यात माजा बी हात हाय. म्या त्यो माघारी घेतो. ल्ह्या. तात्याबा पाटील हात माघारी घेतो."

"हात परत घेता येत नाही. पुढच्या सभेत हरकत नोंदवा," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मला वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. दरोडेखोर रात्री येतो, तोंड बांधून येतो, त्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. हा कायदा दिवसा आला, तोंड उघडं ठेवून, आमचाच चहा पिऊन आणि आभार मानून गेला. आणि ज्याचं घर लुटलं गेलं त्यालाच विचारतो, कडी तूच काढलीस ना?

निघताना साहेबांनी मला थांबवलं. "गुरवबाई, पुजारी म्हणून तुमचंच नाव आलंय. घुमटीची किल्ली घेऊन जा."

"ती किल्ली चुलीत घाला," मी म्हटलं. "माजा देव ज्येच्या उदाबिगार हलत न्हाई, त्येच्या घराचं कुलूप म्या उगडू?"

पुजारी बाहेरगावचा आणला गेला. त्या यात्रेत भैरोबाची पालखी घुमटीपुढं येऊन थांबली. भोयांचे पाय आपोआप थांबले, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती. दस्तगीरभावजी दोरीपलीकडं, पोलिसांच्या पाठीमागं, मातीच्या धुपाटण्यात ऊद पेटवून उभे. धूर येत होता, माणूस येऊ शकत नव्हता. लोक कुजबुजायला लागले, बायांनी पदर डोळ्यांना लावले. धैर्यशील ओरडला, "चला, चला!" आणि त्याच्या पोरांनी मागून दांडी लोटली. पालखी धक्क्यानं पुढं गेली. आमचा देव मी जन्मात पहिल्यांदा ढकललेला बघितला. ज्यांना वाटलं मुसलमानाचं गेलं आणि आपलं झालं, त्यांनी त्या दिवशी आपल्या देवाचं तोंड नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन खोल्या तेवढ्या उरल्या होत्या. त्याही कायद्याच्या डोळ्यांवर आल्या. नोंदणी झालेल्या देवस्थानाच्या आवारात अन्य धर्माच्या माणसाला राहता येणार नाही, असं कलम होतं म्हणे. घर हटवायचा ठराव ग्रामसभेनं करायचा. गावानंच करायचा, हे महत्त्वाचं. कुऱ्हाडीला दांडा गोतातलाच लागतो.

साहेब येणार म्हणून निरोप आला, तसे तात्याबा काठी टेकत घरोघर फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर तेच सांगितलं. "ह्या बारीला हात वर करायचा न्हाई. मांडीखाली घाला, खिशात घाला, पर वर करायचा न्हाई. मागल्या बारीला आपल्याच हातानं त्येचं कुलूप लावलंय आपुन." सगळे हो म्हणाले. ज्यांनी पालखी लोटली त्यांतल्याही दोघांनी मान खाली घालून हो म्हटलं. मला वाटलं, जिंकलो.

मी परात लख्ख घासली. विडे लावले, प्रत्येकाच्या जागी प्रत्येकाचा, टोकाला बडीशेपेचा. दस्तगीरभावजी आले आणि नेहमीच्या कोपऱ्यात बसले. चेष्टा नाही, काही नाही. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातलेले. मी परात मध्ये ठेवली, तर साहेबांची खुर्ची नेमकी तिच्या टोकाला आली.

साहेबांनी ठराव वाचला. घर हटवून मुजावर कुटुंबाला 'यथोचित' जागी जायला सांगण्याचा. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

धैर्यशीलचा वर गेला. त्याच्या बगलबच्च्यांचे गेले. बाकी चावडीत पान हललं नाही. माणसं बसली होती दातांवर दात दाबून, आपापल्या हातांवर बसली होती. माझी छाती भरून आली. परातीकडं बघितलं, एकही विडा हललेला नव्हता. धैर्यशीलच्या लोकांनाही परातीला हात लावायचं धाडस झालं नव्हतं. आमच्या गावाची परात इतकी भरलेली मी कधी पाहिली नव्हती.

साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "विरोधात असतील त्यांनी हात वर करा."

कुणीच केला नाही.

कसा करतील? हात वर करायचा नाही, हेच तर ठरलं होतं. मागं हातानंच घात केलेला. दुधानं तोंड पोळलेलं गाव ताकही फुंकून पीत होतं. साहेबांनी प्रश्न फिरवला होता आणि गाव तसंच बसलं होतं, इमानदारीनं, हात मांडीखाली दाबून, दस्तगीरभावजींचं घर वाचवत.

मला उमगलं आणि मी हात वर केला. विडे लावून लावून बोटं काथानं रंगलेली, तळव्याला चुना. "सायेब!"

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग परातीकडं. हसले. "थांबा बाई, पान नंतर. आधी काम."

"आवं, पान न्हाई, माजा इरोद..."

तात्याबांच्याही ध्यानात आलं. काठी सोडून त्यांचा हात वर यायला लागला, नाईकाचा आला, मागं बायकांत दोन-तीन आले. तोवर पेन टेकलं होतं. साहेब लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, "विरोध, निरंक. ठराव एकमताने मंजूर." खाली रेघ. रेघेखाली सही. धैर्यशीलनं शिक्का पुढं सरकवला.

"आमी हात क्येलाय!" तात्याबा ओरडले.

"उशीर झाला, आबा. पुढच्या सभेत हरकत नोंदवा." साहेबांनी पेनाला टोपण लावलं, काम झाल्यावर माणूस हलका होतो तसे हलके झाले आणि परातीवर वाकले. हाताशी आलेला विडा उचलून त्यांनी तोंडात टाकला.

"वा," ते चावत म्हणाले. "बडीशेप घातलीय. छान."

सगळी चावडी परातीच्या त्या टोकाकडं बघत होती. तिथं रिकामी जागा पडली होती. बाकीचे सगळे विडे जागच्या जागी.

"थुका," मी म्हणाले.

"काय?"

"थुका त्यो इडा. तुमचा न्हाई त्यो. ह्या गावात दुसऱ्याचा इडा आजवर कुनी उचलला न्हाई. चोरानं बी न्हाई. थुका म्हनते ना!"

साहेब चावायचे थांबले. गाल फुगलेला तसाच. धैर्यशीलकडं पाहिलं, पोलिसाकडं पाहिलं. एका पानावरून एवढा आरडाओरडा कशाला, ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

दस्तगीरभावजी उठले. मांडीखालचे हात मोकळे करून त्यांनी एकमेकांवर चोळले, मुंग्या आल्या असाव्यात. "ऱ्हाऊ द्या, वैनी," ते म्हणाले. "माज्या वाटचा इडा त्येंनीच उचलला. आता कागद खरा झाला."

आणि साहेबांनी माझ्याकडं बघत बघत तो गिळून टाकला.